फोडणीच्या वासाची गाडी

अन्याय झाला तो सांवेरकडून येणाऱ्या, आमच्या मंडळाच्या स्वयंपाकघरातल्या बायकांवर. झाला तो गेल्या गणपतीच्या आधीच्या शनिवारी, सकाळी साडेनऊला, इंदूरच्या छत्रीबागेत, मंडळाच्या फाटकासमोर. करणारे कोणी गुंड नव्हते. माझे बाबा होते, माझी आत्या होती, मला शाळेत भूगोल शिकवलेले सर होते आणि मी होते. सगळ्यांच्या हातात पेढे होते.

हे आधीच लिहून टाकलं, कारण आमच्याकडे अशा गोष्टी ‘गैरसमज’ म्हणून मिटवायची पद्धत आहे. गैरसमज झाला, चहा घ्या, विषय संपला. हा गैरसमज नव्हता.

मंडळ म्हणजे इंदूरमधल्या मराठी घरांचं एक जुनं मंडळ. एक हॉल, एक वाचनालय जिथे फक्त पेपर वाचले जातात, गणपतीत दहा दिवस व्याख्यानं, आणि एक स्वयंपाकघर. यातलं खरं काम करतं ते स्वयंपाकघर. आमच्या लोकांची मुलं पुण्याला गेली, बंगलोरला गेली, कॅनडाला गेली. मागे राहिलेल्या आईवडिलांना रोज दुपारी मंडळाचा डबा जातो. डबा मराठीच हवा, वरणात गूळ हवा, भाजीत दाण्याचं कूट हवं आणि पोळी घडीचीच हवी. तव्यावरच्या पोळीला पापुद्रा सुटला नाही तर दुपारी एकला फोन येतो.

ती घडीची पोळी करणाऱ्या बायका मराठी नाहीत. सांवेरच्या आसपासच्या गावांतून येतात, माळवी बोलतात, आणि घरी स्वतः जाड रोटी खातात. घडी घालायला त्यांना मंडळातल्या जुन्या बायकांनी शिकवलं. आता त्या जुन्या बायकांचे गुडघे गेलेत आणि त्याही डब्याचीच वाट बघत बसतात.

बायकांना आणायला एक गाडी होती. एका सभासदाने आईच्या स्मरणार्थ दिलेली सतरा सीटची व्हॅन. पहाटे सांवेरला जायची, बायकांना घेऊन साडेसातला फाटकात, दुपारी परत सोडायची. गाडी होती म्हणून नोकरी होती, एवढं सरळ गणित. गावातून चालत सांवेर, तिथून बस, बसमधून उतरून आणखी एक सवारी, असं करत कोणी साडेसातला तव्यापाशी उभं राहू शकत नाही. कॉलेजात असताना मी त्या रस्त्यावर बसफेऱ्या वाढवा म्हणून पत्रकं वाटायचे. दुपारी याच गाडीत बसून सांवेरच्या बसस्टँडवर जायचे. मागच्या सीटवर कांद्याचं पोतं, बायकांच्या साड्यांना तेल-मोहरीचा वास, कोणी कोणाच्या खांद्यावर झोपलेलं. सगळ्यांच्या सीटा ठरलेल्या. चुकून बसलं की ओरडा.

त्यांच्यातल्या सगळ्यात वडील बाईला आम्ही लहानथोर सगळे मोठी मावशी म्हणतो. तिचा नवरा खाटेवर आहे. बाकी घर सोयाबीनच्या हंगामापुरतं कमावतं. दर महिन्याला पगार आणणारी ती एकटी. पहिला तवा तिचा, आणि माझ्या पत्रकांची पहिली टीकाकारही तीच. तिला वाचता येत नाही, पण मी वाचून दाखवलं की म्हणायची, “इत्तो लांबो? बस वालो तो तब तक निकल जायगो.”

आता मूळ पाप सांगते. त्याच्या आधीच्या गणपतीत पुण्याहून एक वक्ते आले होते. विमानतळावर पाठवायची गाडी ऐन वेळी बंद पडली, म्हणून स्वयंपाकघराची व्हॅन पाठवली. संध्याकाळी ते व्यासपीठावर उभे राहिले आणि म्हणाले, “तुमच्या गाडीत बसलो आणि फोडणीचा वास आला. वाटलं, पाहुणा नाही, घरचाच आहे.” माणूस मनापासून बोलला होता. जेवायला बसला तेव्हा मोठ्या मावशीच्या पोळ्या मागून मागून घेतल्या त्याने.

पण पहिल्या रांगेतले चेहरे पडले. इंदूरच्या मराठी माणसाची ही जुनी खोड आहे. पुण्याच्या माणसाने कौतुक केलं की आम्ही ते उलटं करून बघतो, खाली टोचणी आहे का म्हणून.

घरी आत्या म्हणाली, “ऐकलंस ना? फोडणीचा वास म्हणे.”

“पुण्याचे लोक आहेत,” बाबा म्हणाले. “ते सरळ थोडंच बोलणार?” बाबा मंडळाचे सचिव आहेत, बँकेतून निवृत्त झाल्यापासून.

“बाबा, ते कौतुक करत होते.”

“तुला काय माहीत गं?” आत्या म्हणाली. “मी काढलेत तिथे सहा महिने. ‘छान आहे हो’ म्हणाले की समजायचं, गेलं.”

बाबांनी दोन दिवस त्या वाक्यावर काढले. चहा पिताना मध्येच म्हणायचे, “घरचाच आहे, म्हणे.” मला हसू यायचं. तेव्हाच न हसता भांडायला हवं होतं, पण बसफेऱ्यांच्या मोर्च्याची गडबड होती आणि म्हाताऱ्या लोकांचं रुसणं हा काही आंदोलनाचा विषय वाटला नाही.

पुढच्या पावसाळ्यात गाडीचं छत गळायला लागलं. पायरी एका बाजूने तुटली. बायका ओल्या साडीत कणिक मळायला बसायच्या. मी पत्रक लिहिलं, मराठीत, खास सभासदांसाठी. “तुमची पोळी लाटणारे हात पावसात भिजत येतात.” वर तुटक्या पायरीचा फोटो. चांगलं जमलं होतं, खोटं कशाला बोलू. हातोहात वर्गणी गोळा झाली. कॅनडातनंसुद्धा आली. कार्यकारिणीत ठराव झाला, ‘गाडीचे नूतनीकरण’. मी पळत स्वयंपाकघरात गेले.

“मावशी, गाड़ी नई हो रही है! पास हो गया!”

“सीट नरम मिलेगी?” एकीने विचारलं.

“मिलेगी.”

“खिड़की खुलनी चइये,” मोठी मावशी म्हणाली. “बंद गाड़ी में म्हारो जी घबरावे.”

“खुलेगी, मावशी. सब खुलेगा.”

गाडी श्रावणात कारखान्यात गेली. बायका बसने यायला लागल्या, उशीर होत होता, डबे उशिरा जात होते, फोन येत होते. कोणी कुरकुर केली की मोठी मावशी गप्प करायची. काम चालू हे, थोड़ा दिन की बात हे.

आणि तो शनिवार आला.

गाडी फाटकात लागली तेव्हा मी आधी ओळखलीच नाही. मोत्यासारखा पांढरा रंग, काळ्या काचा, मागे सोनेरी अक्षरांत मंडळाचं नाव. ड्रायव्हर नवा शर्ट घालून उतरला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “दीदी, अंदर देखो. शादी का स्टेज लग रिया हे.” मला आत डोकावायला वेळ मिळाला नाही, कारण औक्षणाची घाई सुरू झाली होती. नवी गाडी, सवाष्णीनेच ओवाळायला हवी. आत्या विधवा, ती चालणार नाही, खजिनदारांच्या काकू अजून तयार होत होत्या, मुहूर्त टळत होता. कोणीतरी म्हणालं, “मोठी मावशी आहे की!”

तिला तव्यावरून उठवून आणलं. तिने हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला. बॉनेटवर कुंकवाची बोटं ओढली, चारही चाकांना हळदकुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. मनापासून, सावकाश, घरातल्या पोराला ओवाळतात तसं. बाकीच्या बाया मागे उभ्या होत्या, कणकेचे हात पुसत. सरांनी नारळ फोडला. टाळ्या झाल्या. ड्रायव्हरने बटण दाबलं, दार आपोआप सरकलं आणि खालून पायरी आपोआप बाहेर आली.

तुटक्या पायरीच्या जागी नवी पायरी. बायकांत हशा पिकला. मोठ्या मावशीने चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि पायरीवर पाय ठेवून आत चढली.

आत सहा खुर्च्या होत्या. विमानात पुढच्या भागात असतात तसल्या, साखरेच्या रंगाच्या, प्लास्टिकची कव्हरं घातलेल्या. छताला जांभळे दिवे. कोपऱ्यात छोटा फ्रिज, समोर टीव्ही, ड्रायव्हरच्या मागे लाकडी भिंत, खिडक्यांना पडदे. खिडक्या बंद, कायमच्या. मावशी पहिल्या खुर्चीत बसली. कुठलं तरी बटण दाबलं गेलं असणार, कारण खुर्ची हळूहळू मागे कलली आणि तिचे पाय वर आले.

“अरे, या तो सुवाड़े हे!” तिला हसू आवरेना. झोपवतेय ही तर!

“म्हारी जगा राखजो!” बाहेरून एकीने ओरडून सांगितलं आणि आपली पिशवी उचलून ती पायरीकडे आली.

मग शांतता झाली. आमच्या लोकांची शांतता. कोणीही वाईट बोलत नाही, सगळे एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी शिकलेला माणूस पुढे होतो. सर पुढे झाले. “मावशी, कव्हर... कव्हर अभी निकालना नहीं है.”

तिला वाटलं कव्हर खराब होईल. तिने पदराने प्लास्टिक पुसलं.

बाबा दाराशी गेले. अतिशय नम्रपणे म्हणाले, “मावशी, ये गाड़ी मेहमानों के लिए है. पुणे से लोग आते हैं ना. आप लोगों की दूसरी व्यवस्था करेंगे.”

“अच्छा, अच्छा,” ती म्हणाली. “म्हने लाग्यो, हमारा सारू बणी हे.” मला वाटलं, आमच्यासाठी केलीय.

ती उठायला गेली आणि तिला उठता येईना. खुर्ची मागे, पाय वर, एका हातात चपला. बटण कुठलं ते तिला माहीत नव्हतं, बाबांनाही माहीत नव्हतं. सगळं मंडळ बघत होतं. ड्रायव्हर दुसऱ्या बाजूने आत वाकून बटणं शोधत होता. आणि मी, न्यायासाठी लढणारी मी, खिशातून फोन काढला आणि ओरडले, “बसू द्या तिला! तिच्याच नावावर पैसे गोळा केलेत तुम्ही! बसूच द्या! आता मी फोटो काढते आणि सगळ्या इंदूरला दाखवते!”

माझ्या ओरडण्याने गल्लीतले लोक गॅलरीत आले. दुधवाला थांबला. सगळ्यांना दिसलं, कोणाला उतरवतायत ते.

“फोटू मत ले, बेटा,” मोठी मावशी म्हणाली. मोठ्याने नाही. खुर्ची सरळ झाली, ती खाली उतरली, चपला घातल्या. पिशवी घेतलेली बाई आपोआप मागे सरकली. आत्याने, रीत म्हणजे रीत, खजिनदारांच्या काकूंकडून मावशीची ओटी भरवली. नारळ, खण, तांदूळ, वर एक पेढा. मावशीने ओटी घेतली, काकूंना वाकून नमस्कार केला आणि आत गेली. त्या दिवशी भाजी मेथीची होती. डबे वेळेवर गेले.

घरी मी खूप बोलले. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. गणपती झाले की जुन्या सीटा परत बसवू. आणि एक सांगू? मी हळू बोललो होतो. तमाशा तू केलास. तिला लाज वाटली ती तुझ्या ओरडण्याची.”

मला बाबांचा राग आला तो अजून गेलेला नाही. पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला खोडता येत नाही. तिला उठता येत नव्हतं तेव्हा मी हात द्यायला हवा होता. माझ्या हातात फोन होता.

पाहुण्यांचं सांगायचं राहिलं, ज्यांच्यासाठी हे सगळं. पुण्याहून एक बाई आल्या. पडदे, जांभळे दिवे, गोल फिरणारी खुर्ची. विमानतळापासून दुसऱ्या सिग्नलला त्यांना मळमळायला लागलं. गाडी थांबवून त्या पुढे ड्रायव्हरशेजारी येऊन बसल्या आणि काच खाली केली. मग त्याला विचारलं, मागच्या वर्षीचे वक्ते सांगत होते, तुमच्याकडे एक फोडणीच्या वासाची गाडी आहे, ती का नाही पाठवली?

“फिर आपने क्या बोला?” मी ड्रायव्हरला विचारलं.

“मैं क्या बोलता, दीदी? मैंने के दिया, मैडम, ये वोई है. नहा के आई है.”

मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “टोमणाच तो.”

गणपती गेले. सीटा परत बसल्या नाहीत. एवढा खर्च केलाय, आता कोण खोलणार? गाडी लग्नसराईत भाड्याने जाते, मंडळाला उत्पन्न होतं, अहवालात छान दिसतं. जुन्या सीटा वाचनालयाच्या ओसरीत मांडल्यात, त्यांच्यावर बसून आमचे ज्येष्ठ पेपर वाचतात. ‘दूसरी व्यवस्था’ म्हणजे बस. साडेसातनंतर फाटकात येणाऱ्या बाईला परत पाठवायचं असा नियम झाला, कारण डब्यांना उशीर होतो अशी तक्रार होती. तक्रार खरी होती. ती का होते हे कोणी विचारलं नाही. एकेक बाई गळाली. ज्यांची लहान पोरं होती त्या आधी गेल्या.

मोठी मावशी अजून येते. अंधारात निघते, सांवेरपर्यंत चालते, पहिली बस मिळाली तर वेळेत पोचते. गेल्या आठवड्यात नाही मिळाली. मी फाटकाशी होते. चौकीदाराने मान खाली घालून सांगितलं, “मावशी, ऊपर से बोला है.” ती ओसरीतल्या एका जुन्या सीटवर बसली, परतीच्या बसला वेळ होता. मी शेजारी बसले. 

“मीटिंग में कई होयगो?” तिने विचारलं.

सभेचं तिलाही कळलं होतं तर. येत्या सर्वसाधारण सभेत पोळ्या करण्याचं यंत्र घ्यायचा ठराव येतोय. सियागंजच्या व्यापाऱ्याकडून भाव मागवलेत. यंत्र आलं की एक माणूस पुरे, तोही गल्लीतला. कणिक एका बाजूने घालायची, दुसऱ्या बाजूने गोल चपात्या पडतात. घडी नाही, पापुद्रा नाही. पण चपाती बसने येत नाही, तिला उशीर होत नाही. सभेची नोटीस बाबांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर टाईप केली. मी समोर बसून जेवत होते.

“पता नहीं, मावशी,” मी म्हणाले.

“यंत्र आयो तो म्हारे खबर कर दीजे. फालतू में अंधारा में कोण चले.”

तिने भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. भांडणाला उत्तर द्यायची मला सवय आहे.

त्याच दुपारी मी देवास नाक्याकडे गेले, जिथे गाडी बदलली त्या कारखान्यात. आणखी एका गाडीच्या सीटा निघत होत्या, बाहेर रस्त्यावर त्यांचा ढीग. मालकाने मला गिऱ्हाईक समजून खुर्ची दिली, चहा मागवला. “मैडम, पीछे दो मसाज वाली और डलवा लो. नेता लोग आजकल वोई माँगते हैं.”

“पुरानी सीटें वापस लग जाएँगी क्या?”

तो हसला आणि कारागिरांना ओरडून म्हणाला, “सुन रिये हो? मैडम वीआईपी को वापस सवारी बना रही हैं!” सगळे हसले. मीही हसले असते, दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर. मग त्याने चहाचा घोट घेतला. “लग तो जाएँगी. ऊपर का फ्लोर खोलना पड़ेगा, नीचे छेद तो वोई हैं. ये वाली कुर्सियाँ मैं ही बिकवा दूँगा. पर मैडम, कराता कोई नहीं.”

कराता कोई नहीं. हे वाक्य घेऊन मी घरी आले आणि हे लिहायला बसले. पत्रक लिहायला घेतलं होतं. पण माझ्या पत्रकात ‘ते’ असतात आणि ‘आपण’ असतो. या गोष्टीत सगळे आपणच आहोत. डबा आपण खातो, ठरावाला आपण हात वर करतो, टोमणा आपल्याला लागतो, आणि तो पुसायला आपण ज्या बाईला जागेवरून उठवतो तिच्याकडूनच त्या जागेला ओवाळून घेतो. मला या मंडळाची लाज वाटते, आणि मी या मंडळाची आजीव सभासद आहे. बाबांनी मी जन्मले त्या वर्षीच नाव घातलं.

आता तुमच्याकडे मागणं आहे. हळहळ नको. ‘छान लिहिलंस गं’ असं फोनवर सांगू नका. तुम्ही सभासद असाल तर येत्या सर्वसाधारण सभेला या. नसाल तर तुमच्या घरात, नात्यात जो सभासद आहे त्याला पाठवा, बाहेरगावी असेल तर त्याच्याकडून लेखी कळवा. यंत्राचा ठराव वाचला जाईल तेव्हा हात खाली ठेवा आणि उभे राहा. समोर माझे बाबा असतील, ते अतिशय नम्रपणे तुम्हाला बसायला सांगतील. बसू नका. म्हणा, आधी त्या सहा खुर्च्या काढा, ओसरीतल्या सीटा उचला, गाडीत परत बसवा, खिडक्या उघडणाऱ्या लावा, आणि गाडी पहाटे सांवेरला पाठवा. ठराव लिहून घेईपर्यंत उभे राहा.